आमच्यातला ‘दहावा’

पप्पा गेले त्या सकाळी शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, “दहावा कधी आहे ते सांग हं, मी सुट्टी टाकून ठेवते.” मी म्हटलं, “काकू, आमच्यात दहावा नसतो.” तेव्हा मला तेच खरं वाटत होतं. पुढचे अकरा महिने मी दहाव्याच्याच मागे होतो. फक्त तो दिवस नव्हता, माणूस होता.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनावाच्या शेवटी ‘कर’, घरात मराठी. पूर्वज रायगडात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मी ठाण्यात वाढलो. टेंभी नाक्याजवळच्या शार हशामायीम सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, तेराव्या वर्षी माझा बार मिस्वा, मुलगा धर्माने सज्ञान होण्याचा विधी, झाला आणि त्यानंतर मी सणासुदीपुरता सिनेगॉगला जाणारा माणूस झालो. वडिलांच्या मागे काय काय करायचं असतं, याची मला धड कल्पना नव्हती. गेल्या काही महिन्यांत दोघांनी फोन करून मला तेच विचारलं, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहितो. मी धर्मशास्त्राचा जाणकार नाही. बगदादी किंवा कोचीनकडच्या ज्यू घरांत रीत थोडी वेगळी असू शकते. तुमच्या हझानांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा.

सोमवार, ४ डिसेंबर २०२३, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. वेळ लिहून ठेवा, हे पहिलं सांगणं. आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. माणूस संध्याकाळी पाचला गेला की सातला, यावर हिब्रू तिथी बदलते आणि पुढचा सगळा हिशोब त्या तिथीवर चालतो. पप्पांची तिथी किस्लेव २१, वर्ष ५७८४.

आदल्या रात्रीपासून त्यांना बोलता येत नव्हतं. मम्मी त्यांच्या कानाशी शेमा म्हणत होती: ऐक, इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक आहे. मूल बोलायला लागलं की शिकवतात ती हीच ओळ आणि जाताना ओठांवर असावी तीही हीच. पप्पा म्हणायचे, आपला धर्म एका ओळीत मावतो, बाकी पुस्तकं ती ओळ पाळायची कशी हे सांगायला आहेत.

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा ‘४-ए’ नमुन्यातला दाखला लागतो. आमचे नेहमीचे डॉक्टर साडेसहाला आले, म्हणून ते लवकर झालं. ते गावाला असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मला नंतर सुचला. घरात म्हातारं माणूस आजारी असेल तर दोन डॉक्टरांचे नंबर असू द्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, तेवढ्या मुदतीत उशिराचं शुल्क लागत नाही. मी आठवड्यानंतर गेलो. फॉर्मवर धर्माचा रकाना होता. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, “ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना?” मी ‘इतर’पुढे स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. हातात आलेल्या दाखल्यात धर्म बरोबर होता, नाव चुकलं होतं. आधारवर ‘डेविड’, पेन्शनच्या कागदांवर ‘डेव्हिड’, सिनेगॉगच्या वहीत ‘दावीद’ आणि दाखल्यावर ‘देविद’. दुरुस्तीला तीन खेपा आणि पाच आठवडे गेले. पोचपावतीवर सही करण्याआधी एकेक काना-मात्रा वाचून घ्या आणि दाखल्याच्या सहा तरी प्रती काढा.

पण हे नंतरचं. त्या सकाळी मी पहिला फोन हझान अंकलना केला आणि दुसरा इस्राएलमधल्या अश्दोदला, बहिणीला. ऑक्टोबरपासून तिकडे युद्ध सुरू होतं, विमानांचं काही खरं नव्हतं. मी म्हटलं, एखादा दिवस थांबूया का? तीच म्हणाली, “नको. पप्पांना ताटकळत ठेवू नका.” आमच्यात शक्य असेल तर त्याच दिवशी दफन करतात. तिने तिकडे तिच्या घरी शोक पाळला, आम्ही इकडे.

सिनेगॉगची मेंबरशिप पप्पांच्या नावावर होती आणि तीन वर्षांची वर्गणी थकली होती, चूक आमचीच. १,८०० रुपये भरले. कबर खणणं, कापड, गाडी, सगळं मिळून साडेचौदा हजारांच्या आत झालं. हिशोब लिहिताना संकोच वाटतो, पण त्या दिवशी मला कुणी आकडा सांगितला असता तर बरं वाटलं असतं. माझ्या डोक्यात लाखभर होते.

खर्च कमी असण्यामागे एक जुनी गोष्ट आहे, ती हझान अंकलनी गाडीत सांगितली. तालमुदात, म्हणजे आमच्या धर्मचर्चांच्या जुन्या ग्रंथात, आहे की एके काळी अंत्यविधीचा खर्च घरच्यांना मरणापेक्षा जड व्हायला लागला, इतका की लोक प्रेत टाकून पळून जायचे. तेव्हा रब्बान गमलिएल या धर्मगुरूंनी, स्वतः मोठ्या घरचे असून, मला साध्या कापडात न्या असं सांगून ठेवलं. तेव्हापासून सगळ्यांना तेच पांढरं कफन. त्याला खिसा नसतो. आंघोळ घालायचं काम, तहारा, सिनेगॉगच्या चार जणांनी केलं. मुलाने आत थांबायचं नसतं, म्हणून मला बाहेर बसवलं. पाण्याचा आवाज येत होता. या कामाला ‘हेसेद शेल एमेत’ म्हणतात, खरी दया, कारण ज्याच्यासाठी करता तो परतफेड करू शकत नाही. त्या चौघांपैकी एकाने रात्रपाळी करून आल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं.

दफनाआधी शर्ट फाडतात. आईवडिलांसाठी डाव्या बाजूला, काळजाच्या वर. हझान अंकलनी ब्लेडने कडेला छोटा छेद दिला आणि म्हणाले, “पुढचं तू.” कापड फाटताना आवाज येतो, त्याची मनाची तयारी नव्हती. त्या वेळी म्हणायची प्रार्थना देवाला ‘खरा न्यायाधीश’ म्हणते. मला तेव्हा न्यायबिय काही दिसत नव्हता. मी शब्द म्हटले, एवढंच. इतर नातेवाइकांसाठी फाडलेलं महिन्यानंतर नीट शिवता येतं. आईवडिलांसाठीचं महिन्यानंतर नुसतं टाचता येतं, पण धड शिवायचं नाही. तो निळ्या चौकड्यांचा शर्ट कपाटात तसाच आहे.

कबरीपाशी मुलाने कद्दीश म्हणायचा, शोकात असलेल्याने म्हणायची ती प्रार्थना. पुस्तक कुणीतरी पुढे धरलं, मूळ अक्षरं आणि खाली देवनागरी. ‘यिथगद्दाल वेयिथकद्दाश शेमे रब्बा’ इथपर्यंत ठीक गेलं. दुसऱ्या ओळीत अडकलो. मागून हझान अंकल हळू म्हणत राहिले आणि मी त्यांच्या मागून अर्धे शब्द ओढत गेलो. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं तेव्हा मला वाटलं संपलं. अजून अर्धा बाकी होता.

कबरस्तानातून निघताना फाटकाशी हात धुतात आणि घरी आल्यावर पहिलं जेवण स्वतःचं शिजवलेलं खायचं नाही, शेजाऱ्यांनी किंवा नातेवाइकांनी आणलेलं खायचं. त्यात गोल पदार्थ असतात, उकडलेली अंडी, मसूर. आत्याने अंडी आणली. काकूंनी मसुराची आमटी आणि भात आणला. त्यांना कुणी मसूर सांगितला नव्हता, घरात तोच होता म्हणाल्या.

मग शिव्आ, सात दिवस. सोमवार धरून मोजायचे, शेवटचा दिवस सकाळपुरता, म्हणजे रविवारी १० तारखेला सकाळी संपतात. या दिवसांत जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसायचं, चामडी चप्पल नाही, दाढी नाही, घराबाहेर कामाला जायचं नाही. मेहुणीने आरशांवर चादरी टाकल्या. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि तरंगती वात, असा दिवा सात दिवस तेवत ठेवला. बाहेर सात दिवसांची मेणबत्ती मिळते, पण तेलाचा दिवा स्वस्त पडतो आणि दर काही तासांनी तेल घालायला कुणीतरी उठतं, तेही बरं असतं. ऑफिसात या रजेला नाव नव्हतं. माझ्या पाच हक्काच्या रजा गेल्या. फॉर्मवर मी कारण ‘सुतक’ लिहिलं. साहेबांना ते लगेच कळलं.

भेटायला येणाऱ्याने आधी बोलायचं नाही, शोकात असलेल्याने तोंड उघडेपर्यंत गप्प बसायचं, असा संकेत आहे. हे आपल्या लोकांना फार अवघड जातं. एक गृहस्थ आल्या आल्या रक्तातल्या साखरेबद्दल बोलायला लागले. पण दुसरे एक, पप्पांच्या जुन्या कारखान्यातले, पाऊण तास बसले, पाणी प्यायले, उठून गेले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचण्यात आनंद असतो, म्हणून या सात दिवसांत तिचा अभ्यास करायचा नाही. ईयोबाचं पुस्तक, विलापगीत, असं दुःखाचं चालतं. मी ईयोब वाचायला घेतला. त्याचे मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसतात. मग बोलायला लागतात आणि सगळं बिघडतं.

गुरुवारी ७ तारखेला हनुक्का, आमचा दिव्यांचा सण, सुरू झाला. शोकाच्या घरातही त्याचे दिवे लागतातच. एकीकडे पप्पांचा दिवा, दुसरीकडे हनुक्काची पहिली वात. माझ्या मुलीने विचारलं, यातला कुठला आनंदाचा आणि कुठला दुःखाचा? तेल एकाच बाटलीतलं होतं.

शनिवारी उघड शोक करत नाहीत. शब्बाथ सात दिवसांत मोजला जातो, पण त्या दिवशी धड कपडे घालून सिनेगॉगला जायचं. फाटकावरच्या पोलिसाने ओळखपत्र बघितलं, आत गेलो. तोराचं वाचन वर्षभरात आठवड्या-आठवड्याने पुरं होतं आणि त्या शनिवारी नेमका योसेफाला भाऊ विकतात तो भाग होता. याकोबाला रक्ताने माखलेला झगा दाखवतात, तो आपले कपडे फाडतो आणि सांत्वन नको म्हणतो. मी शेवटच्या बाकावर होतो. तीन आठवड्यांनी, ३० डिसेंबरला, त्याच गोष्टीचं शेवटचं प्रकरण आलं: याकोब मरतो आणि योसेफ बापासाठी सात दिवस शोक करतो. आमचे सात दिवस त्या ओळीशी जोडलेले आहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पुस्तकात बोट ठेवून वाचलं.

आता मुख्य भाग, दहाव्याचा.

कद्दीश एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष हवेत, त्याला मिनियान म्हणतात. नऊ असतील तर बाकीची प्रार्थना करा, कद्दीश नाही. आणि दहा माणसं बोटाने एक-दोन-तीन अशी मोजायची नसतात. म्हणून दहा शब्दांचं स्तोत्रातलं एक वचन म्हणतात, माणसामागे एक शब्द: होशिआ, एथ, अम्मेखा, उवारेख, एथ, नहलाथेखा, उरएम, वेनस्सेएम, अद, हाओलाम. तुझ्या लोकांना तार, असा त्याचा आरंभ. आमचा शमाश, सिनेगॉगची व्यवस्था बघणारा, दारात उभा राहून हे पुटपुटायचा. तो ‘अद’वर थांबला की मी फोन काढायचो. ‘हाओलाम’ कुठे आहे?

सात दिवस घरीच मिनियान जमवला. दोन संध्याकाळी दहा झाले नाहीत, बाकीच्या संध्याकाळी झाले. शोकाचे पहिले तीस दिवस २ जानेवारीला संपले. आईवडिलांसाठी मात्र वर्ष असतं. गाणंबजावणं, लग्नाच्या जेवणावळी बारा महिने नाहीत आणि कद्दीश अकरा महिने. अकराच का? मिश्नात, तालमुदाच्या गाभ्यातल्या ग्रंथात, म्हटलंय की दुष्टांचा न्याय बारा महिने चालतो. मुलाने पूर्ण बारा महिने म्हटला तर आपण बापाला दुष्टांत धरल्यासारखं होईल, म्हणून एक महिना आधी थांबायचं. हे ऐकून मी त्या वर्षी पहिल्यांदा हसलो.

त्यात ते वर्ष अधिक महिन्याचं. आपल्याकडे २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, तसा हिब्रू पंचांगात २०२४ मध्ये अदार दोनदा आला. महिने मोजताना तो धरायचा. माझा कद्दीश त्यामुळे २२ ऑक्टोबर २०२४ ला संपणार होता, शोकाचे बारा महिने २१ नोव्हेंबरला आणि वर्षाची तिथी थेट २२ डिसेंबरला. इंग्रजी तारखेपेक्षा अठरा दिवस पुढे. मी सुरुवातीला सगळं ४ तारखेने मांडून बसलो होतो. हिब्रू तारखा काढून देणारी पंचांगं नेटवर आहेत. तारखा काढा आणि हझानांकडून तपासून घ्या.

कद्दीश शिकायला मला सहा आठवडे लागले. हिब्रू अक्षरं वाचता येत होती, पण अडखळत. शिवाय कद्दीश हिब्रूत नाहीच, बराचसा अरामीत आहे. ती त्या काळच्या साध्या माणसांची बोली होती, म्हणजे ज्ञानोबांनी मराठीत लिहिलं तसंच काहीसं. मी शंभर पानी वहीत देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून काढला, श्वास कुठे घ्यायचा तिथे लाल रेघ, लोकांचं ‘आमेन’ येतं तिथे गोल. ठाण्याहून फोर्टात ऑफिसला जाताना फास्ट लोकलमध्ये म्हणायचो. देवनागरीत ‘हेत’ आणि ‘हे’ ही हिब्रू अक्षरं दोन्ही ‘ह’ होतात, म्हणून घशातल्या ‘ह’खाली टिंब दिलं. ही वही करून घ्याच. छापील पुस्तकातली अक्षरं डोळ्यात पाणी असताना दिसत नाहीत.

अर्थ मात्र उशिरा वाचला. माझी समजूत होती की यात मेलेल्याच्या आत्म्याला शांती वगैरे असेल. त्यात मरणाचा शब्द नाही. बापाचं नाव नाही. देवाचं महान नाव त्याने स्वतःच्या इच्छेने निर्मिलेल्या जगात मोठं होवो, पवित्र मानलं जावो, त्याचं राज्य तुमच्या हयातीत येवो, शांती येवो, संपलं. मी चिडलो. हझान अंकलना म्हटलं, मग यात पप्पा कुठे आहेत? ते म्हणाले, “तू उभा राहिल्याशिवाय हे नऊ जण ‘आमेन’ म्हणणार नव्हते. ते म्हणायला तुला कुणी उभं केलं?” मला ते पूर्ण पटलं असं नाही. पण नंतर म्हणताना मी त्यांचं ‘आमेन’ ऐकायला लागलो.

रोज सकाळ-संध्याकाळ दहा पुरुष जमणं आता आमच्यासारख्या समाजात सोपं नाही. निम्मा नात्यातला गोतावळा इस्राएलमध्ये आहे. मी जे जमेल ते धरलं: शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ आणि सोमवार-गुरुवार सकाळ. सोमवार-गुरुवारी तोराचं छोटं वाचन असतं. जुन्या काळी हे बाजाराचे दिवस, गावोगावची माणसं आपोआप जमायची. कधी ऑफिस सुटल्यावर काळाघोड्याच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये जायचो. १८८४ सालची ती निळी इमारत मी कॉलेजपासून बाहेरूनच बघत आलो होतो. तिथे एका शुक्रवारी आम्ही नऊ होतो. चाळीस मिनिटं बसलो. शेवटी पाठीवर सॅक लावलेला एक परदेशी मुलगा रंगीत काचा बघायला आत आला. कुणीतरी विचारलं, तू ज्यू आहेस का? तो दचकलाच. हो म्हणाला. त्याचं नाव मला माहीत नाही. त्याने ‘आमेन’ सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

शब्बाथला वाहनात बसायचं नाही. खरं सांगायचं तर आम्ही वर्षानुवर्षं रिक्षाने जात आलोय. त्या वर्षी ठरवलं की चालत जायचं. उथळसरहून वीस-पंचवीस मिनिटं. मे महिन्यात जीव गेला. पण याच चालण्यात मी मुलीशी जेवढं बोललो तेवढं आधीच्या पाच वर्षांत बोललो नव्हतो. एका शनिवारी ती म्हणाली, “मी चौदा वर्षांची आहे. आज नऊ जण होते. मला का मोजलं नाही?” आमच्या सिनेगॉगमध्ये जुन्या पद्धतीप्रमाणे पुरुषच मोजतात, असं मी सांगितलं. ती म्हणाली, हे उत्तर नाही, हे वर्णन आहे. मग मी तिला मुंबईतल्या ज्युइश रिलिजिअस युनियनबद्दल सांगितलं. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ साली उभी राहिलेली ती सुधारणावादी संस्था. बाईने शंभर वर्षांपूर्वी हे केलं म्हटल्यावर ती जरा निवळली. माझ्याकडे अजून उत्तर नाही. तिकडे अश्दोदमध्ये बहीण बायकांच्या बाजूला बसून दुसऱ्यांच्या कद्दीशबरोबर पुटपुटत होती.

दाढीचं एक सांगायचं राहिलं. आईवडिलांच्या शोकात तीस दिवसांनंतरही लगेच दाढी करायची नाही, मित्रांनी टोकेपर्यंत थांबायचं, असा नियमच आहे. १७ जानेवारीला साहेब म्हणाले, “काय रे, हिमालयात जायचा विचार आहे का?” मी हझान अंकलना फोन केला. ते म्हणाले, “झालं, टोकलं. कर आता.”

२५ जानेवारीला तू बिश्वात, म्हणजे आमच्याकडे एलियाहू हन्नाबीचा, एलिया प्रेषिताचा, उरूस. मलिद्याचं ताट: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. पप्पा पोहे स्वतः धुवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मी कद्दीशपुरता गेलो, गाणी सुरू होताच निघालो. मम्मीने डब्यात मलिदा पाठवला, तो मी रात्री उभ्या उभ्या खाल्ला. पेसाखला, आमच्या जुन्या भाषेत अनशी ढाकायच्या सणाला, २२ एप्रिलच्या रात्री काळ्या मनुकांचा शरबत गाळायला पप्पा नव्हते. तो गढूळ झाला.

८ जुलैला सोमवार होता. रात्रभर पाऊस, रुळांवर पाणी, लोकल ठप्प. सकाळी सिनेगॉगमध्ये आम्ही चार जण होतो. मी वहीत फुली मारली. जूनपासून माझ्या फुल्या वाढत चालल्या होत्या आणि त्या दिवशी मला अगदी कर्ज थकल्यासारखं वाटलं. हझान अंकल म्हणाले, “हा काय बँकेचा हप्ता आहे का? चुकला म्हणून वडिलांना नोटीस जाणार आहे? दोन स्तोत्रं वाच, पप्पांच्या पेटीत पैसे टाक आणि घरी जा.” पप्पांची सेदाकाची, म्हणजे दानाची, पेटी म्हणजे बिस्किटाचा पत्र्याचा डबा. शब्बाथचे दिवे लावायच्या आधी त्यात नाणी पडायची. सेदाका या शब्दाचं मूळ ‘न्याय’ आहे. देणारा उपकार करत नाही, दुसऱ्याचा वाटा परत करतो, असं पप्पा मानायचे, आणि तरीही दहाची नोट टाकताना ती आधी उजेडात धरून बघायचे, चुकून शंभरची नाही ना म्हणून.

ऑक्टोबरमध्ये सण एकामागे एक आले. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला, १२ तारखेला, दिवसभर उपास आणि सिनेगॉग गच्च. त्या दिवशी दहावा शोधावा लागला नाही, उलट बसायला जागा मिळेना. शेवटचा कद्दीश २२ तारखेला, मंगळवारी, सुक्कोथ या मांडवांच्या सणाच्या आठवड्यात. मला वाटलं होतं रडू येईल. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पानात गुंडाळलेलं काहीतरी खिशात कोंबत होते, माझं लक्ष तिकडेच होतं. कद्दीश संपला. वही खिशात घातली. पुढच्या शनिवारी दुसरं कुणीतरी कद्दीशला उभं राहिलं आणि मी सवयीने अर्धा उठलो होतो, तो खाली बसलो. तो क्षण जड गेला.

शेवटचं काम दगडाचं. आमच्याकडे कबरीवर हिब्रू आणि मराठी दोन्ही लिहितात. सप्टेंबरमध्ये काळा ग्रॅनाइट सांगितला, कोरण्यासकट ३८,००० रुपये, निम्मे आगाऊ. कारागिराला हिब्रू येत नव्हतं, मी कागदावर छापून दिलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी बघायला गेलो तर पप्पांच्या नावात दोन्ही ‘दालेत’ची ‘रेश’ झाली होती. ही दोन अक्षरं सख्खी भावंडं आहेत. दालेतच्या वरच्या आडव्या रेघेला मागे छोटं टोक असतं, रेश तिथे गोल वळते. दगडावर दावीदचा ‘रावीर’ झाला होता.

मी भडकलो. आठवड्याने हझान अंकलना फोटो दाखवला तर ते म्हणाले, शेमाची ओळ तोराच्या गुंडाळीत बघितली आहेस? तिथे ‘एहाद’, म्हणजे ‘एक’, या शब्दातला दालेत मुद्दाम मोठा काढतात. तो रेश वाचला गेला तर ‘एक’चा ‘दुसरा’ होतो. देवाच्या बाबतीत ही चूक परवडणारी नाही, म्हणून लिहिणाऱ्यांनी शेकडो वर्षं काळजी घेतली. तुझ्या कारागिराला कोण सांगणार? आणि रेशचा दालेत करता येतो, वेड्या, उलट झालं असतं तर अवघड होतं. टोक कोरायला सांग.

कारागिराने तासाभरात दोन टोकं कोरली. पैसे घेत नव्हता, मी सहाशे दिले. “एवढ्याशा टोकाने काय फरक पडतो हो?” त्याने विचारलं. मी त्याला माझ्या वडिलांचं नाव आधीचं आणि नंतरचं वाचून दाखवलं. दगड सांगाल तेव्हा प्रत्येक हिब्रू अक्षर तळहाताएवढं मोठं छापून द्या आणि कोरण्याआधी खडूने काढून घ्या, स्वतः जाऊन बघा.

२१ डिसेंबरला शनिवारी, शब्बाथ संपल्यावर, वर्षाचा दिवा लावला. रविवारी सकाळी कबरस्तानात गेलो. बहीण आली होती. शमाशने वचन म्हटलं, ‘हाओलाम’ला आमचा भाचा उभा होता, गेल्या महिन्यात तेरा वर्षांचा झालेला. कद्दीश मी वहीशिवाय म्हटला. काकूही आल्या होत्या. आम्ही कबरीवर खडे ठेवतो, त्यांनी झेंडूची फुलं आणली होती. कुणी काही बोललं नाही, दोन्ही राहिलं. मुलीने दगडावरच्या त्या टोकांवरून बोट फिरवून बघितलं.

फाटकाशी नळाला पाणी नव्हतं. गाडीतल्या बाटलीने एकमेकांच्या हातांवर पाणी घातलं आणि निघालो.